घाटावरची पाठमोरी बाई

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. जे नकाशात दाखवता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. लोकांनी चमत्काराचे अनुभव सांगितले की मी तोंडावर हसायचे. तेव्हा आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

निवृत्तीनंतर मला एकच नाद लागला – जुन्या पुण्याच्या चित्रांची पोस्टकार्डं. लकडी पूल, संगम, बंडगार्डन... नदीकाठचं कार्ड दिसलं की मी घासाघीस करून घेणारच.

विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो. मी, आमचे हे आणि ह्यांच्या मोठ्या बहीण – ताई. सासूबाई गेल्या तेव्हा हे पाळण्यात होते. ताईंनी, स्वतः परकरी पोर असताना, भावाला वाढवलं आणि लग्न केलंच नाही. आईचा एकुलता एक फोटो पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतल्या बिऱ्हाडाबरोबर वाहून गेला.

"तिचा आवाजसुद्धा आठवतो गं," ताई म्हणायच्या. "तोंडच तेवढं आठवत नाही." मला फार वाईट वाटायचं.

एकदा जुन्या बाजारात ओंकारेश्वराच्या बाजूचं एक कार्ड मिळालं. पन्नासच्या दशकातलं असावं. घाटावर एक बाई पाठमोरी, धुणं आपटायला उजवा हात उगारलेला. घरी आल्यावर लक्षात आलं, देऊळ नदीच्या भलत्याच काठावर! छापणाऱ्यानं निगेटिव्ह उलटी लावली होती. मी कार्ड स्कॅन केलं, मागे पेन्सिलीनं माझ्या संग्रहाचा नंबर घातला आणि ताईंना मोठ्या ऐटीत चूक दाखवली.

"म्हणजे ही बाई खरं तर डाव्या हातानं धुतेय," मी म्हणाले.

ताईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाल्या, "आई डावरी होती."

"अहो ताई, पुण्यात काय एकच डावरी बाई होती?"

"असतील छप्पन्न. मला एकच ठाऊक आहे."

मी कॉम्प्युटरवर चित्र सुलटं करून, मोठं छापून दिलं. पण पाठमोरी बाई उलटवली तरी पाठमोरीच राहणार! ताईंनी छापील कागद परत केला, कार्ड ठेवून घेतलं. रोज दुपारी जेवणं झाली की ते हातात धरून हळूच हाक मारायच्या – "आई..."

"वळेल ती," मला म्हणाल्या. "कामात असली की दोनदा हाक मारावी लागायची."

मी मान डोलवायचे. वयाचा परिणाम, दुसरं काय!

त्या दुपारी मी ओट्याशी होते. आतून नेहमीची हाक ऐकू आली. आणि मग ताईंचाच आवाज आला – "ओ!" कुणी बोलावल्यावर आपण देतो ना, तशी ओ. मी काही हाक मारली नव्हती. हे बँकेत गेले होते. मी हात पुसत आत गेले, तर ताई गेलेल्या. चेहरा शांत, कार्ड छातीवर पालथं.

ताईंचे दिवस झाल्यावर ते कार्ड मी पुन्हा हातात घेऊन पाहिलं. मागे माझाच नंबर, माझंच अक्षर. देऊळ तसंच भलत्या काठावर. घाटावर ओलं धुणं पडलेलं... आणि ती बाई वळून समोर बघत होती. तरुण, कपाळावर घामाने चिकटलेले केस, कुणीतरी मध्येच हाक मारल्यासारखा चेहरा.

कॉम्प्युटरमधल्या फाईलमध्ये ती आजही पाठमोरी आहे. दोन्ही शेजारी ठेवून मी कितीदा तपासलंय! दुसरं कार्ड म्हणावं, तर नंबर माझा.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ पाहिलं.

"हीच का गं आई?"

बघून ओळखू शकल्या असत्या, त्या एकट्या ताईच. ह्यांनी कार्ड हातात धरून, सवयीनं आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "ताई!"

मग भान येऊन ह्यांनी कार्ड खाली ठेवलं. मी मात्र दाराकडे बघत, ओ ऐकू येते का याची वाट पाहत उभी राहिले.