कदमकाकांचं प्रपोजल

कोथरूडमधल्या एका कंपनीच्या परचेसमध्ये मी सतरा वर्षं आहे. माल येतो, फायली कपाटात जातात, किस्से तेवढे डोक्यात साठत राहतात. मित्र जमले की मी सांगतो, ते पोट धरून हसतात. यंदा कॅन्टीनसाठी प्रपोजलं मागवली आणि कदमकाकांचं बावीस वर्षांचं कॅन्टीन जायची वेळ आली. तेव्हापासून माझं हसू आटलंय.

*

खुर्च्यांचंच बघा. आमचे मॅनेजर गोखलेसाहेब यांनी मला अटींची यादी दिली. पाठ इतकी उंच, हात असे, चाकं राखाडीच. सगळी एका डीलरच्या माहितीपत्रकातून उतरवलेली! तरी नियमाप्रमाणे तिघांना बोलावलं. लिफ्ट बंद होती. कसबा पेठेतले एक म्हातारे दुकानदार नमुन्याची खुर्ची डोक्यावर घेऊन चार मजले चढले. यादी वाचून म्हणाले, "ठरलंय ना? मग खाली न्यायला माणूस तरी द्या."

माणूस नव्हता. खुर्चीची एक बाजू मी धरली.

*

सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी आमच्या सुपरवायझरांच्या ट्रेनिंगसाठी अख्खा कोर्स आखून प्रपोजलला जोडला. साहेबांनी कोर्स ठेवून घेतला आणि बाईंना नकार कळवला. एचआरने तोच शिकवला.

वर्षभराने बाईंचा फोन. "कोर्स कसा झाला? शेवटचा धडा मी दिलाच नव्हता, म्हणून विचारलं."

*

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटिंगमध्ये एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला नक्की काय हवंय?"

साहेब म्हणाले, "ते तुम्ही प्रपोजलमध्ये लिहायचं."

तिने खरंच वहीत टिपून घेतलं.

*

आता कॅन्टीन. 'किमान तीन शहरांत शाखा हव्यात' ही अट साहेबांनी सांगितली, टाइप मी केली. काका फॉर्म घेऊन माझ्याकडेच आले. "जोशीसाहेब, शाखेत काय लिहू? चहा चारही मजल्यांवर देतो मी."

भरू नका, उपयोग नाही, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याची लाज वाटते. उलट बाकीचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरून दिला.

कमिटी बसली. काकांचं प्रपोजल पहिल्याच पानावर बाद झालं. साहेब मोठ्याने "रिजेक्ट" म्हणाले, तेव्हा काका चहाचा ट्रे घेऊन दारातच होते.

साहेबांनी एक घोट घेतला. "नव्या माणसाला अस्साच चहा जमला पाहिजे. काका, कसा करता ते सांगा. जोशी अटींत घालतील."

मी लॅपटॉप पुढे ओढला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ट्रे तसाच हातात धरून पाणी किती, पत्ती कधी, दूध कुठलं, सगळं सावकाश सांगितलं. मी टाइप करत होतो.

"आलं किसायचं नाही, ठेचायचं," काका म्हणाले. "लिहिलंत?"