दोनशे एकवीस फेऱ्या आणि दहा मीटर

डोणगावजवळच्या आमच्या वस्तीत जी शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका मॅडमनी गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट सुरू केली. रोज प्रार्थनेआधी मुलांनी मैदानाला फेऱ्या घालायच्या. पळत किंवा चालत, जसं जमेल तसं. शहरात लोक एका दमात बेचाळीस किलोमीटर पळतात, तेवढंच अंतर आमच्या मुलांनी थोडं थोडं करून सव्वीस जानेवारीपर्यंत पूर्ण करायचं. जे करतील त्यांची नावं त्या दिवशी पेंटर शाळेच्या भिंतीवर लिहिणार.

माझी स्वतःची मुलं शाळा सोडून केव्हाच मोठी झाली. पण मी कापूस खरेदीच्या काट्यावर वजनं लिहिणारा माणूस, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. एक फेरी दोनशे मीटर, म्हणजे एकूण दोनशे दहा फेऱ्या. दर फेरीला मुलाने परातीतला एक चिंचोका उचलून आपल्या बाटलीत टाकायचा. घंटा झाली की मी बाटल्या ओतून मोजायचो आणि आकडे वहीत उतरवायचो. पहिल्या दिवशी अडतीस मुलं आली, दिवाळीनंतरही एकतीस टिकून होती. सकाळी चिंचोक्यांचा खडखडाट ऐकू आला की मला घरात थांबवत नसे. अर्धा चहा तसाच राहायचा.

पाचवीतली एक मुलगी नेहमी शेवटी असायची. तिची आई पहाटेच वेचणीला जायची, त्यामुळे दीड वर्षाचा भाऊ हिच्या कडेवर. त्याला घेऊनच ती चालायची. दोन फेऱ्या, फार तर तीन. मग त्याला अंगणवाडीत सोडायचं, तेवढ्यात घंटा. पोरं ओरडायची, "मालगाडी आली बे, फाटक लावा." ती मागे न बघता म्हणायची, "माल मालगाडीच पोचोते." पण तिने एक दिवस बुडवला नाही. भिंतीवर आपलं नाव यावं एवढंच तिला हवं होतं. घरात अजून कुणाचंच नाव कुठे लिहिलेलं नाही, असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

चोवीस तारखेला तिच्या नावापुढे दोनशे नऊ झाले. शेवटची फेरी झेंड्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर घालायची असं ठरलं. त्या संध्याकाळी माझाच पाय जमिनीवर ठरत नव्हता.

पंचवीसला दुपारी मी मैदानावर चुन्याची रेघ नव्याने मारायला गेलो. पावसाळ्यात ज्या दोराने मैदान मोजलं होतं तोच दोर नेला. बरोबर वीस मीटरचा, घरी टेपने मोजून घेतलेला. दहा दोर बसायला हवे होते, पण बसले साडेनऊच. पुन्हा मोजलं, तरी साडेनऊ. शेजारच्या गवंड्याचा पोलादी टेप आणला. एकशे नव्वद मीटर.

घरी येऊन बायकोला सांगितलं, की मोजलं त्या दिवशी भुरभुर पाऊस होता, एवढं सोडून काही वेगळं आठवत नाही. ती म्हणाली, "अंबाडीचा दोर वला झाला का आखडते. बाज विणनाऱ्या बाईले माहीत हाये हे. तुम्ही तं काट्यावरले माणूस."

म्हणजे त्या दिवशी दोर एकोणीस मीटरच भरला होता, आणि बेचाळीस किलोमीटरला दोनशे दहा नाही, दोनशे एकवीस फेऱ्या आणि वर दहा मीटर लागत होते. वही काढली. ज्यांचे दोनशे दहा झाले होते त्यांचे आकडे अडीचशेच्या पुढे होते, त्यांना काही फरक पडत नव्हता. माझी चूक फक्त एका मुलीवर येत होती.

शाळेत जाऊन सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या की चुकलात तुम्ही आणि बारा फेऱ्या तिने घालायच्या, हे कुठलं गणित? कुणाला कळणार नाही, राहू द्या. त्यांचं खोटं नव्हतं. पण भिंतीवर नावापुढे बेचाळीस किलोमीटर लिहायचं होतं, आणि ते चालायचं तिला होतं. विचारायला तिलाच हवं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग माहे चिंचोके खोटे का, काका?"

"चिंचोके खरे आहेत. दोर चुकला, आणि दोर माझा होता."

"बारा फेऱ्या न दहा मीटर. पोट्ट्याले घेऊन नाही होत."

"त्याला मी धरतो."

"तुमच्यापाशी रडन तो."

"रडू दे."

सव्वीसला उजाडताच तिने सुरुवात केली. याआधी एका दिवशी तिच्या तीनच्या वर फेऱ्या झाल्या नव्हत्या. पाच झाल्या, सहा झाल्या. भाऊ माझ्या खांद्यावर गळा काढून रडत होता. सातव्या फेरीला पोरं जमू लागली. काय चाललंय ते मॅडमनी सांगितलं, तशी पोरं काठावर उभी राहून मोजू लागली. नवव्या फेरीत तिने पोटाला हात लावला आणि चाल मंदावली. दहा. अकरा. गावातली माणसं झेंड्यासाठी आली होती, तीही मोजत होती.

बारावी फेरी संपली. पुढच्या दहा मीटरवर मी चुन्याची वेगळी रेघ मारून ठेवली होती. अख्ख्या पावसाळ्यात, हिवाळ्यात मी तिला फक्त चालताना पाहिलं होतं. ते दहा मीटर ती पळाली. रिकामे हात हलवत, वेणी उडवत, आणि थांबायचं विसरून रेघेच्या बरीच पुढे गेली.

पेंटर नाव लिहीपर्यंत ती भावाला परत कडेवर घेऊन भिंतीसमोरच उभी होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "उद्यापासून एकपासून मोजसान, का याच्या पुढून?"

"याच्या पुढून," मी म्हणालो.