सिस्टरचं सरकारी मराठी

नातीच्या खरचटलेल्या गुडघ्याला स्पिरिट लावलं, आणि त्या वासानं मी ऐंशीच्या दशकातल्या सिल्वासात, सिस्टरच्या दवाखान्यात जाऊन बसले.

सिस्टर आयर्लंडची. मराठी पाड्यावरच्या वारली बायकांकडून शिकलेली, म्हणून सगळ्यांना 'तू' म्हणायची. मलासुद्धा. मी नाशिकहून आलेली इंजिनीअरची बायको, माझा मान भारी नाजूक. महिनाभर खपून मी तिला 'अहो, या, बसा' शिकवलं.

मग एका दुपारी गेले तर बाकडं रिकामं. सिस्टर दमून उंबऱ्यावर बसलेली.

"बाया म्हणतात, सिस्टर सरकारी झाली, साहेबासारखं 'अहो' बोलते. पाड्यावरच्या जमनीचं पोर तीन दिवस तापलंय, तरी ती येत नाही."

"होईल हो त्यांना सवय," मी म्हटलं. काय ती माझी अक्कल!

सिस्टर गुडघ्यांवर हात टेकून उठली, औषधाची पिशवी माझ्याकडे दिली. "तू चल. वाटेत माझं मराठी बिघडव."

पाड्यापर्यंत दोघी जेमतेम पाय ओढत पोचलो. जमनीचं दार बंद होतं.

"ए जमने, पोराला आण बाहेर. मी थकलीय, तू आता छळू नको."

आतून कडी निघाली. माझ्या महिनाभराच्या शिकवणीचा निकाल तिथंच लागला.