बल्लीवरची हरिणी

शिकारीच्या पहिल्या दिवशी सायमा हारयूचं दुकान बंद, असं कोर्पी गावात कधी घडलं नव्हतं. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ती काळ्या कपड्यांवर जाड एप्रन बांधून सुऱ्यांना धार लावत उभी होती.

तिचं काम साधं आणि अंगमेहनतीचं. लोकांनी मारून आणलेलं हरीण सोलायचं, हाडापासून मांस सोडवायचं, कागदात गुंडाळून द्यायचं. मांस वाया घालवलेलं तिला खपत नसे. हाडाला बोटभर मांस राहिलं तरी ती सुरी पुन्हा फिरवी.

या कामात हरणाचं पोट तिच्यापासून लपत नव्हतं. तगड्या जनावराच्या गुर्द्यांवर लोण्यासारखी पांढरी चरबी हवी. जिल्ह्याच्या उत्तरेला, दलदलीकडे हरणं मोजकीच, पण त्यांच्या गुर्द्यांवर ती दिसे. दक्षिणेच्या कुरणांकडून येणाऱ्या हरणांचे गुर्दे मात्र उघडे. तिकडे तोंडं वाढली होती आणि चारा संपला होता. फेब्रुवारीत पिल्लं कुंपणाला टेकून मरत.

परवाना मात्र साऱ्या जिल्ह्याला एकच. मादीचा परवाना काढला की कुठेही बंदूक चालवा. लोक आपल्या बापजाद्यांच्या शिकारी झोपड्यांवर जात. त्या सगळ्या उत्तरेला. म्हणजे जिथे माद्या कमी तिथेच त्या मारल्या जात.

वनखात्याचा डेल ब्रिस्बॉय कित्येक वर्षं सांगत होता, जिल्ह्याचे तीन तुकडे करू, प्रत्येक तुकड्याचे परवाने वेगळे ठेवू. सायमाने गावसभेत उभं राहून त्याची बाजू घेतली. शेवटी यंदा ते झालं. उत्तरेत मादीला हात लावायचा नाही. दक्षिणेत माद्यांचे परवाने हवे तितके. पण एकाच वर्षाच्या बोलीवर. दक्षिणेतले परवाने खिशातच राहिले, तर तुकडे पुन्हा एक.

आणि ते खिशातच राहणार अशी चिन्हं होती. कारण चौकातली बल्ली. दोन खांबांवर आडवी टाकलेली, मारलेले नर टांगायची. तिच्यावर मादी कधी चढली नव्हती. बल्लीची राखण सायमाच्या थोरल्या भावाकडे, आर्वोकडे. त्याचं एकच पालुपद होतं, "मादी मारणं म्हणजे पेरणीचं बियाणं दळून खाणं."

शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सायमाने दुकानात आलेल्या वेल्मर ओयाला छेडलं, "परवाना काढलास ना रे?"

"काढलाय. पण पहिली मादी मी आणू? गाव मला वर्षभर सुईण म्हणेल."

"मग दुसरी आण."

"दुसरी आणतो की. पहिलीची सोय तू बघ."

तो हसत गेला. सायमाने दाराला पाटी लावली, उद्या दुपारनंतर या.

सकाळी ती दक्षिणेच्या कुरणाच्या कडेला, देवदाराच्या बुंध्याशी बसली. माद्यांचा कळप आला. तिने नीट एक निवडली आणि एका गोळीत पाडली. खरं काम पुढे. आतडी तिथेच काढली, गुर्दे जागेवर ठेवले. पुढचे पाय डोक्याशी बांधले, म्हणजे ते बर्फात अडकत नाहीत. दोरी छातीवरून घेतली. हातांनी ओढणारा अर्ध्या वाटेत बसतो; अंग पुढे झोकून चालावं लागतं. साठी उलटलेल्या सायमाने ती रस्त्यापर्यंत आणली. गाडीत चढवताना मात्र तिने देवाला आणि सरकारला मनसोक्त शिव्या दिल्या.

गावात तिच्या बंद दुकानासमोर गाड्यांची रांग लागली होती.

"अगं बाई, कुठे होतीस? माझा नर ताठला इथे!"

"नर ताठला तर थंड पाणी ओत!" म्हणत ती थेट चौकात गेली. रांग हसत मागे आली.

आर्वो बल्लीखाली कॉफी पीत होता. वर त्याचा स्वतःचा दहा टोकांच्या शिंगांचा नर, उत्तरेतून आणलेला.

"पोरी, ही इथे नाही चढायची."

"नको चढवू. आधी तुझ्या नराचं पोट उघडून दाखव."

"का?"

"ऐन माजावर आलेला तो. खाणंपिणं सोडून माद्यांमागे धावत होता. नुसती हाडं उरायला हवीत त्याची. बघ काय उरलंय."

आर्वोने पोट फाकवलं. गुर्द्यावर चांगली जाड चरबी होती.

"आता हिचं बघ. हिला खाण्यावाचून दुसरं काम नव्हतं."

आर्वोने वाकून हात आत घातला. बराच वेळ काढला नाही. गुर्दा उघडा होता, नदीतल्या गोट्यासारखा.

"सगळ्या अशाच?" त्याने हळूच विचारलं.

"तिकडच्या सगळ्या. बियाणं म्हणतोस ना? दाटीने पेरलं की कणीस भरत नाही, आर्वो. विरळणी करावी लागते."

आर्वोने कॉफी बर्फात ओतली. "दोरी आण," तो म्हणाला.

मादी वर चढली, थेट त्याच्या नराच्या शेजारी. मागून वेल्मर ओरडला, "आता सुईण कोण रे, आर्वो?"

"मी सुईण आणि तू बाळंतीण! काढ तो परवाना खिशातून आणि चल कुरणात!"

हसण्याने चौक दणाणला. सगळ्यात मोठ्याने सायमा हसली. मग तिला कामाची आठवण झाली आणि ती धावत दुकान उघडायला गेली.

त्या हंगामात बल्लीवर जागा पुरेना. आर्वोने स्वतः झाड तोडून दुसरी बल्ली उभारली.

मार्चमध्ये डेल दुकानात आला तेव्हा भाऊबहीण वेलचीचा पाव खात बसले होते. डेल टोपी काढून म्हणाला, "परवाने संपले. तिन्ही तुकडे कायम."

सायमाने टेबलावर हात आपटला. "वा रे पठ्ठ्या!"

आर्वोने घास सावकाश गिळला. "तीनच का?" तो म्हणाला. "नदीपलीकडची हरणं वेगळी आहेत, तिथला चौथा करा. मी सांगतो तुला, कुठून कुठपर्यंत."

डेलने सायमाकडे पाहिलं.

"बस आता," ती त्याला कप देत म्हणाली. "जेवणापर्यंत सुटका नाही तुझी."