साडेअकराच्या बॅचमधली वैशाली

वैशाली गेली हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

तेही जिमच्या सरांकडून. त्यांना खालच्या चहावाल्याने सांगितलेलं.

आज वर्ष झालं. माझ्या फ्रेंडलिस्टमधलं कोणीच तिला ओळखत नाही. म्हणूनच इथे लिहितेय.

डोंबिवलीत आमच्या घराजवळ पहिल्या मजल्यावर एक जिम आहे. साडेअकराला लेडीज बॅच असते. बॅच म्हणजे आम्ही दोघीच. बाकीच्या बायका सकाळी नाहीतर संध्याकाळी येतात.

मला तीच वेळ जमायची. आधी ह्यांचा डबा, मग दहाला पाणी येतं ते भरायचं, कपडे मशीनला लावायचे. हे ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत घरात आवाज फक्त मिक्सरचा.

मुलगा-सून घोडबंदर रोडला असतात. महिन्यातून एका रविवारी येतो म्हणतात. माजिवड्याला ट्रॅफिक लागला की तिथूनच फोन येतो, आई, आज राहू दे गं.

वैशालीचं वेगळं होतं. तिला वेळच नव्हता.

सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलेलं, त्या अंथरुणावर. नवरा कंपनीत, मुलगी कॉलेजला. शिवाय एक म्हातारा कुत्रा, बंड्या.

बंड्याला फिरवून आणते म्हणून ती घरातून निघायची आणि थेट जिमला यायची.

नवऱ्याला माहीतच नव्हतं. त्याचं म्हणणं, घरात एवढी कामं असतात, तोच व्यायाम. वाद घालण्यापेक्षा तिने बंड्याला पुढे केलं.

बंड्या तासभर जिन्याखाली सावलीत झोपायचा. चहावाला त्याला बिस्किटं घालायचा. नवरा तिला विचारायचा, रोज एवढा चालतो तरी हा जाड कसा होतोय? हे ती मला सांगायची आणि आम्ही दोघी मॅटवर बसून पोट धरून हसायचो.

बारीक होणं वगैरे तिच्या डोक्यातही नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सरांना सांगितलेलं, "मला माणूस उचलायला शिकायचंय. कंबर न मोडता."

सासूबाई बेचाळीस किलोच्या. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, परत पलंगावर. दिवसातून तीन-चार वेळा, एकटीने.

सहा-सात महिन्यांनी तिने पंचेचाळीस किलोचा डेडलिफ्ट मारला, जमिनीवरचा बार उचलून सरळ उभी राहिली. सरांनी टाळ्या वाजवल्या. ती बाकावर बसली, टॉवेलमध्ये तोंड घातलं. मग म्हणाली, "ताई, आता आईंना अंघोळीला नेताना मला भीती नाही वाटणार."

गेल्या वर्षी त्या शनिवारी ती दुसऱ्या सेटनंतर थांबली. डोकं भयंकर ठणकतंय म्हणाली. मी म्हटलं, ऊन आहे गं बाहेर, पाणी पी, घरी जाऊन जरा पड. पडायला कुठे वेळ आहे, असं म्हणून ती बंड्याला घेऊन गेली.

रविवारी सकाळी ती ओट्याजवळ कोसळली. मेंदूत रक्तस्राव.

हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलेलं.

सोमवारी ती आली नाही. फोन केला तर बंद. मंगळवारी सरांनी सांगितलं.

मी तिच्या घरी गेले. दीड वर्षाच्या ओळखीत पहिल्यांदा.

दारात नवऱ्याने विचारलं, "आपण?"

मी म्हटलं, मैत्रीण. कुत्र्याला फिरवताना ओळख झाली.

माझ्याकडे कुत्रा नाही.

ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. डोकं दुखतंय असं ती कोणाला एका शब्दाने बोलली नाही. मी फरशीकडे बघत बसले.

थोड्या वेळाने सासूबाईंनी मला आत बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं आणि हळूच म्हणाल्या, "जिमवाली मेधा ना तू?"

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. जी रोज उचलते तिच्या हातात जोर आलाय हे उचलली जाणारीला कळणारच. तिला यायला उशीर झाला आणि मुलाचा फोन आला की त्याच सांगायच्या, वैशू आली फिरवून, बाथरूममध्ये आहे.

मग मला राहवलं नाही. शनिवारचं सगळं मी त्यांना सांगितलं. ती मला बोललेली, आणि मी तिला पाणी पी म्हटलेलं.

त्या आजींनी वर पंख्याकडे बघितलं.

"मला पण बोललेली," त्या म्हणाल्या. "मी बाम लाव म्हटलं."

 मी त्यांचा हात हातात घेतला.

नंतर आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शनिवारीच दाखवलं असतं तर कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही.

तेराव्यानंतर मी परत गेले आणि तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. जिमचं. डोकेदुखीचंही. ते ओरडतील अशी तयारी करून गेलेले.

ते ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "पंचेचाळीस किलो? खरंच?"

मी हो म्हटलं.

"मला दाखवायचं ना तिने," ते म्हणाले. मग स्वतःच नाही अशी मान हलवली आणि उठून गॅलरीत गेले. मी निघेपर्यंत ते पाठमोरेच उभे होते.

आजी आता त्यांच्या लेकीकडे असतात, कल्याणला. बंड्याही तिकडेच आहे. मी एकदा जाऊन आले. आजींना उचलायला आता दोघं लागतात.

मी अजून साडेअकरालाच जाते. सर कोपऱ्यात मोबाईल बघत असतात. मी माझं करते, घाम पुसते, घरी येऊन वरणाचा कुकर लावते. संध्याकाळी हे विचारतात, काय केलंस आज? मी म्हणते, काही नाही.

वैशू, कित्येक दिवस असे जायचे की माझ्याशी बोलणारं माणूस तू एकटीच असायचीस.

तुला हे कधी सांगितलं नाही.

नीट जा गं.