न गायलेल्या ओव्यांचा सत्कार

मंडळी, आज इंदापूरजवळ आमच्या संस्थेचा जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम होता. संयोजक मीच. लासुर्ण्याच्या सरूबाई आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर गाणार होत्या.

पण आधी सत्कार! सरपंचबाई, त्यांचे यजमान, मंडपवाले, माइकवाले. मी अध्यक्षांना हळूच म्हटलं, "तात्या, सरूबाईंची शेवटची एसटी साडेपाचला आहे."

"दोनच नावं राह्यलीत, मॅडम. माणसं रुसत्यात."

दोनाची सात झाली. सव्वापाचला सरूबाईंनाही शाल-नारळ मिळाला आणि त्या न गाताच निघाल्या. नारळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "गाणं तर कुणी ऐकलंच न्हाय. मग ह्यो कशापायी?"

नारळ माझ्या टेबलावर आहे. सत्कार शेवटी ठेवणं तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?