दातानं ऐकलेला येसर

धुरपताबाईच्या उजव्या कानाच्या वर, केसांच्या आत, चार बोटं लांब व्रण आहे. भूकंपात घराच्या भिंतीतला दगड तिथं बसला. नवरा गेला, घर गेलं, ती वाचली. टाके सुकले, केस परत आले. दोनेक महिन्यांनी पत्र्याच्या शेडात चुलीवरचं दूध तिच्या समोर करपून कोळसा झालं आणि तिला काहीच कळलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला वास येईनासा झाला आहे. डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी. सहा वर्षं झाली, आला नाही.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? औसा तालुक्यातल्या तिच्या गावात ती ओळखली जायची येसरासाठी. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं एकेक वेगळं भाजून दळायचं, की येसर तयार. लग्नातली आमटी त्याच्यावरच उभी असते. कुणाच्याही घरी लग्न निघालं, की भाजणीला बोलावणं धुरपताबाईला. ती चाखून मात्र कधीच बघायची नाही. दुसऱ्याच्या ताटात जायचं अन्न आधी आपल्या तोंडाला लागलं की उष्टं झालं, ही सासूची शिकवण. त्यामुळं सगळा कारभार नाकावर.

पुढं लातुरात क्लास वाढले आणि त्यांच्यामागं खोल्या, खाणावळी वाढल्या. धुरपताबाईनं गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं आबेदाआपांची खोली भाड्यानं घेतली. आपा पुढच्या खोलीत शिलाई करायच्या, ही मागं स्वयंपाक करायची. बारा मुली जेवायला येत. ती इतके चमचे तिखट, इतकी मिनिटं शिजवणं, असं मापानं करायची. जेवण चुकायचं नाही, पण कुणी बोटंही चाटायचं नाही.

बारावीची परीक्षा महिन्यावर आली, तेव्हा कंधारची शिल्पा म्हणाली, "मावशी, एकदा येसराची आमटी करा की. वाचून वाचून तोंडाला चवच राहिली न्हाई."

"करते की," धुरपताबाई बोलून गेली. इतक्या वर्षांत कुणी येसर मागितला नव्हता. तिला नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिल्पानं पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "मावशी, धने जळालेत. वास न्हाई आला तुम्हाला?"

"गिरणीवाल्यानं घोळ केला बाई."

"गिरणीत भाजतेत का मावशी?" उदगीरच्या हुमानं विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

संध्याकाळी शिल्पानं खाली मान घालून सांगितलं, की समोरच्या खाणावळीत जायचं सगळ्यांचं ठरलंय. रविवारचं जेवण इथलं शेवटचं. स्वयंपाकाशिवाय दुसरं काही धुरपताबाईला येत नव्हतं, आणि आता तेही येत नाही, असं पोरींनी ठरवून टाकलं होतं.

आपांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं खरं सांगितलं.

"या अल्ला! सहा वर्षं?" आपा म्हणाल्या. "दर ईदला मी तुला अत्तराचा फाया देते. तू म्हणतीस, लई झ्याक!"

"झ्याकच असतोय आपा. कापूस लई मऊ असतो."

आपा हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. "रविवारी माझं नाक वापर. मी बसते तुझ्याजवळ."

रविवारी सकाळी आपा चुलीशी बसल्या. धने कढईत पडले न पडले तोच ओरडल्या, "उतरव!" ते कच्चे राहिले. दुसऱ्या खेपेला थांबल्या, तर काळे पडले. "मला बिर्याणीचं कळतं गं. तुझ्या येसराचं मला काय ठाऊक!"

"आपा, रागवू नका. पण जरा गप बसा."

आपा गप बसल्या. खोलीत कढईचा आवाज तेवढा राहिला. धुरपताबाईनं डाळ टाकून उलथणं फिरवलं. आधी आवाज जड होता, ओल्या वाळूसारखा. हळूहळू तो हलका झाला, खळखळ वाजू लागला. इतकी वर्षं हा आवाज नाकाच्या मागं दडून बसला होता, की तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं? पण आवाज बदलला म्हणजे आतपर्यंत भाजलं, हे कशावरून? तिचा हात कढईवर थांबला. मग तिनं सासूची मनातल्या मनात माफी मागितली आणि एक दाणा दाढेखाली धरला.

कुडुम! तो आवाज डोक्याच्या आत, थेट व्रणापर्यंत गेला. आतून सुकलेला, खुटखुटीत दाणा. ती प्रत्येक जिन्नस तसाच चावून उतरवू लागली. ज्वारी तडकून फुटायची, धने हलकेच चुरायचे. मग तिला चेवच आला. भाजणी गिरणीत न देता तिनं खलात कुटली, मुद्दाम जाडीभरडी ठेवली. कुठल्याच येसरात नसलेलं जवस वेगळं भाजून वर टाकायला ठेवलं, कारण दाताखाली ते फार छान फुटत होतं. सासूनं बघितलं असतं तर उलथणं फेकून मारलं असतं.

मुली जेवायला बसल्या. धुरपताबाई पातेल्याशी उभी राहिली. "गिरणीवाल्याचं मी खोटं बोलले. भूकंपात डोक्याला लागलं, तेव्हापासून मला वास येत न्हाई. आज दाणे चावून बघून भाजलेत. कुणाला उष्टं वाटत असंल, तर साधं वरणबी केलंय."

तिघींनी वरण घेतलं. हुमानं वाटी पुढं केली. शिल्पानं भुरका मारला आणि बराच वेळ चावत राहिली.

"हा येसर न्हाईच मावशी."

धुरपताबाईनं वरणाचं पातेलं पुढं ओढलं.

"म्हणजे आमच्या आईसारखा न्हाई. ह्यात कुरकुरतंय काय?"

"जवस."

"जवस? येसरात?" शिल्पानं उरलेली आमटी भाकरीवर ओतली. "वाढा अजून."

सोमवारी पाचजणी समोरच्या खाणावळीत गेल्या. सातजणी राहिल्या. शिल्पा वही घेऊन स्वयंपाकघरात आली. आईला पत्रात लिहायचं होतं, डाळ किती मिनिटं भाजायची ते.

"मिनिटं मला न्हाई सांगता येणार," धुरपताबाई म्हणाली आणि तिच्या तळहातावर दोन दाणे ठेवले. "एक कच्चा हाय, एक भाजलेला. डोळे मीट अन् चाव. मग काय ऐकू आलं, ते लिही आईला."